भारनियमनाचे एक दुर्लक्षित लाभार्थी

लघुलहरी प्रक्षेपण, अर्थात बोलीतले शॉर्टवेव्ह, म्हणजे ढोबळमानाने ३ ते ३० मेगाहर्ट्झ या वारंवारितांवर होणारे रेडिओ प्रक्षेपण. आणि ते ऐकण्याच्या छंदास सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद सर्वथा अनुकूल आहे, कारण या लहरी डोंगर ओलांडून नव्हे, तर आयनांबरावरून, म्हणजे सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेल्या वातावरणाच्या उंच थरावरून परतून, थेट आकाशातून गावात उतरतात. मात्र त्या हजारो किलोमीटरवर उतरतात आणि मधला प्रदेश बहुधा कोरडा ठेवतात. परिणामी या छंदाच्या उपासकास बीजिंगमधील घडामोडी तत्काळ कळतात, पण जामोदमध्ये कोणाचे लग्न ठरले हे त्याला पत्नीकडूनच कळून घ्यावे लागते.

एके काळी हा छंद नसून निव्वळ सोय होती. १९५२ मध्ये माहितीमंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोत्यांनी शास्त्रीय संगीताकडे वळण्याऐवजी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ ऐकण्यासाठी जमणाऱ्यांपैकी कोणालाही आपण आयनांबराचे ऋणी आहोत याची कल्पना नव्हती. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली, तरी सेट बाळगण्यासाठी पोस्टातून परवाना काढण्याची शिस्त पुढेही बरीच वर्षे टिकली. बीबीसीच्या हिंदी सेवेने जानेवारी २०२० अखेर लघुलहरींचा निरोप घेतला. त्यामुळे आज आरंभ करणारा माणूस मांडव उतरू लागल्यावर पोहोचलेला पाहुणा ठरतो, परंतु जेवण अद्याप शिल्लक आहे.

साधनांत बॅटरीवर चालणारा सेट आणि एरियल, म्हणजे लहरी पकडणारी दहा-पंधरा मीटर तांब्याची तार, एवढे पुरते. तारेचे एक टोक आपल्या गच्चीस व दुसरे शेजाऱ्याच्या कडुनिंबास बांधावयाचे असल्याने शेजारधर्म हे या विद्येचे पहिले प्रकरण मानावे. दुसरे प्रकरण म्हणजे ही तार कपडे वाळत घालण्यासाठी नाही हे घरात पटवणे, ज्यात यश आल्याचे उदाहरण नाही. पावसाळ्यात विजा कडाडू लागण्यापूर्वी तार सेटपासून सोडवावी, हे मात्र थट्टेवारी नेऊ नये.

खरा शत्रू खरखर होय. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या आतील परिपथ वीजप्रवाह अतिवेगाने चालू-बंद करतात, त्यातून रेडिओलहरींचा कचरा बाहेर पडतो आणि क्षीण केंद्रे त्याखाली गाडली जातात. म्हणून भारनियमनाने अवघी गल्ली अंधारात बुडून चोहीकडून उद्गार निघू लागताच सेटमध्ये जी स्वच्छ शांतता पसरते, ती अनुभवणारा श्रोता हा तालुक्यातील एकमेव समाधानी वीजग्राहक असतो. सुदैवाने अंधारामुळे त्याचा चेहरा कोणास दिसत नाही. अलीकडे घरोघरी इन्व्हर्टर आल्यापासून या सुखासही ओहोटी लागली आहे.

ऐकलेल्या केंद्रास श्रवण-अहवाल पाठवल्यास उत्तरादाखल क्यूएसएल कार्ड, म्हणजे श्रवणाची पोच देणारे सचित्र पोस्टकार्ड, मिळू शकते. अहवालात संकेताची तीव्रता, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, प्रसारणातील चढउतार व एकूण दर्जा यांना एक ते पाच गुण द्यावयाचे असतात. नवखा श्रोता आनंदाच्या भरात सर्वत्र पाच देतो, ज्यावर केंद्राचा विश्वास बसत नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी लागते, यासाठी भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावेत. मिळवल्यास अकरा तासांची चूक होऊन, केंद्राचे अभियंते झोपलेले असताना त्यांचा कार्यक्रम सुस्पष्ट ऐकू आल्याचे प्रशस्तिपत्र त्यांना पोहोचते. पत्त्यात ‘जामोद’ आणि ‘जिल्हा बुलढाणा’ ठळकपणे लिहावे, नपेक्षा रेडिओ रोमानियाचे कार्ड खानदेशातल्या जळगावी जाते, जेथे आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र असल्यामुळे कर्तव्यदक्ष पोस्टमन ते तेथेच नेऊन देण्याचा संभव अधिक.