नोंदीतला उंदीर

आमच्या नानांचा देवावर विश्वास आहे, पण नोंदीवर अंमळ जास्त. सारी नोकरी आवक-जावक बारनिशी भरण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात. नाना उंदरांना लागले. कागदावरच्या! विधिमंडळाचं कामकाज असो की महापालिकेचा जुना अहवाल, शेपटी दिसली की नानांची पेन्सिल तिथे पोचलीच.

१८९६ च्या मुंबईतल्या प्लेगचा विषय निघाला, की लोक पुण्याच्या रँडकडे आणि चापेकरांकडे वळतात. नाना मांडवीच्या धान्याच्या वखारींतून हलत नाहीत. "माणसांआधी उंदीर मेले. कुणी दखल घेतली?" असं चष्म्यावरून विचारतात, तेव्हा समोरच्याला उगाच अपराधी वाटतं.

काठी-बॅटरी घेऊन रात्री उंदीर मारणारे पालिकेचे कामगार हे नानांचे वीरपुरुष. "रात्रीला ३० उंदीर, सकाळी मोजून हजर! आमच्या कचेरीत ३० फायली कुणी हलवल्या होत्या?"

पण नानांचा सणाचा विषय म्हणजे मार्च २०१८ चं अधिवेशन. मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशेब एकनाथ खडसे यांनी विधानसभेत काढला, आणि नानांनी तिथल्या तिथे भागाकार केला. "मिनिटाला जवळजवळ ३२! म्हणजे जेवणाची सुट्टीसुद्धा नाही!" पुढे सरकारकडून खुलासा झाला, की तो आकडा उंदरांचा नव्हे, विषारी गोळ्यांचा. दुसरा कुणी हसला असता. नानांनी वहीत नवा रकाना आखला.

गेल्या महिन्यात काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, डब्यामागे उंदीर!" नाना बारनिशी घेऊनच आले. "वेळ सांग. रंग कोणता? आधी कुणी पाहिला?" तोवर उंदीर मोरीतून पसार. शेवटी काकूंनीच पिंजरा लावला, रोज त्यात एक कांदाभजं अडकवलं, आठवडाभराने उंदीर धरला आणि नाना आवक क्रमांक शोधेपर्यंत त्याची लांबच्या नाल्याकाठी जावकही करून टाकली.

महिनाअखेरीस काकूंनी वही उघडली. पकडलेले उंदीर: ८.

"अहो, एकच तर होता!"

"भजी आठ लागली ना? सरकारी पद्धत आहे."

"त्यातली सात तुम्हीच रात्री काढून खाल्लीत!"

नानांनी टोपण लावलं. "त्याची नोंद नाही."