होय, मी सांगतो तेच कर!

गोरेगावातल्या जवाहरनगरात मला ‘लिनक्सवाले काका’ म्हणतात. हे नाव मीच पसरवलं आहे. कुणाचा संगणक रखडला की मी जातो, चष्मा कपाळावर चढवतो, टर्मिनलची काळी खिडकी उघडतो आणि घरातल्यांना ऐकू जाईल अशा बेताने ‘सूडो’ पुटपुटतो. डेस्कटॉपवरचं चित्र कचरापेटीत टाकलं की सॉफ्टवेअर गेलं, असं मानणाऱ्यांकडे मी करुणेने पाहतो. मग प्रवचन. ‘रिमूव्ह’ म्हटलं की प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फायली मागे राहतात. ‘पर्ज’ त्याही नेतं. तुमच्या होम फोल्डरला मात्र दोघंही हात लावत नाहीत. आणि ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणजे लग्न मोडल्यावरही मांडवात बसून राहिलेल्या वऱ्हाडाला नारळ देणं. फक्त त्या गर्दीत आपला सख्खा मामा नाही ना, हे यादी वाचून बघायचं. कमांडला ‘उणे एस’ जोडलं तर नुसती रंगीत तालीम होते. काय काय जाईल ते दिसतं, जात काहीच नाही. एवढं ऐकेपर्यंत यजमानांचा चहा गार झालेला असतो.

पण माझं खरं प्रेम आहे ते ‘आप्ट’ या पॅकेज घालण्या-काढण्याच्या कमांडच्या एका प्रश्नावर. डेबियन आणि उबुंटूमध्ये ज्याच्याविना यंत्रणाच उभी राहत नाही असं पॅकेज काढायला निघालात, तर नुसतं ‘वाय’ दाबून भागत नसे. ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ हे अख्खं वाक्य, उद्गारचिन्हासकट, टाइप करावं लागे. 2021 साली लिनस सेबॅस्टियन या यूट्यूबवरच्या तंत्रज्ञाने ‘पॉप ओएस’ या लिनक्सवर ‘स्टीम’ हे खेळांचं सॉफ्टवेअर घालताना ते निष्ठेने टाइप केलं, आणि सगळा डेस्कटॉपच गेला. इशारा पडद्यावर होता, वाचायला कुणाला वेळ होता? ही सोय हाउसिंग सोसायटीच्या सभेत हवी. पुनर्विकासाच्या ठरावाला हात वर करणाऱ्या प्रत्येकाने उभं राहून म्हणायचं, ‘होय, मी सांगतो तेच कर!’ गच्ची, अंगणातला आंबा, तळमजल्यावरच्या आजींची संध्याकाळची खुर्ची यांची यादी आधी मोठ्याने वाचायची. सभा पहाटेपर्यंत चालेल; पण हरकत नाही, चहा सोसायटीचा.

परवा घरच्या जुन्या विंडोज संगणकाच्या साफसफाईची पाळी आली. काढायच्या यादीत बाबांचं मराठी टायपिंगचं पॅकेज होतं, नव्वदच्या दशकातलं. ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचं प्रमाण 1991 मध्ये ठरलं आणि विंडोज 2000 मध्ये युनिकोड मराठी आली, तरी बाबा आपल्या फाँटलाच धरून राहिले. असल्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाँट काढला की पत्र जागच्या जागी असतं, फक्त इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन.

पत्रं कसली, तर पाण्याची. गोरेगावात पाणी म्हटलं की मृणाल गोऱ्यांचं नाव निघतं. बाबा त्यांच्या मोर्चात गेलेले. पुढे मोर्चे थांबले, पण तक्रारी टाइप करणं थांबलं नाही. माझ्या मुलाने एक पत्र कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढलं. ‘आपला विश्वासू’ मधली वेलांटी ‘व’ला सोडून ठिपक्यांच्या रिकाम्या गोलावर जाऊन बसली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं म्हणून बाबा आलेली लग्नपत्रिका लाल पेनाने तपासत. मी प्रत्येक वेलांटी हाताने जागेवर आणत बसलो. त्यांच्या हयातीत मी यातलं एकही पत्र वाचलं नव्हतं. हा माणूस इतकं बरं लिहायचा, आणि मी त्याला माउस धरायला शिकवताना ओरडायचो.

“काढलंत का ते?” स्वयंपाकघरातून बायकोची विचारणा झाली.

विंडोजमध्ये ‘उणे एस’ची सोय नाही, हे तिला ठाऊक नाही.

“रंगीत तालीम चालू आहे,” मी म्हटलं.