'मला काय कळतंय' या वाक्याचे जतन व संवर्धन : मार्गदर्शक सूचना

प्रस्तावना. धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील कमावत्या महिलांमध्ये 'मला काय कळतंय' हे वाक्य पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. अलीकडे बचत गट, बँक सखी, मोबाइलवर भरायची माहिती, पंचायतीतले पन्नास टक्के आरक्षण इत्यादी कारणांमुळे सदर वाक्याची झीज होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब पुढील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत. हयातभर दुसऱ्याच्या सहीची परिपत्रके टाइप केल्यावर एखादे आपल्या सहीचे काढावेसे वाटणे हा प्रस्तुत लेखिकेचा आगाऊपणा समजू नये.

सूचना सर्व संबंधितांना लागू आहेत. खरं सांगायचं तर त्या आमच्या थोरल्या जाऊबाईंसाठी आहेत, पण तसं वर लिहिलं तर त्या हातात घ्यायच्या नाहीत.

सूचना 1 : श्रेयाबाबत. कामाचे श्रेय समोर येताच ते विनाविलंब दुसऱ्याकडे वर्ग करावे. प्राधान्यक्रम : नवरा, दीर, देव, पाऊस. यांपैकी कोणीच उपलब्ध नसल्यास 'झालं आपोआप' असे म्हणावे.

या सूचनेचे आदर्श पालन जाऊबाईंच्या रानात पाहायला मिळते. त्यांच्याकडे एक एकर आहे, घरच्या जमिनीतला, नवऱ्याकडून मागून घेतलेला. आपल्याकडे दुष्काळाच्या वर्षांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना हीच वाट दाखवली : सगळं रान सोयाबीन आणि उसाला जाऊ द्यायचं नाही, एक एकर आपल्या हातात घ्यायचा आणि त्यात घरात शिजतं ते लावायचं. धान्य, डाळी, भाज्या, सगळं मिसळून. या कामासाठी संस्थेला 2016 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जाऊबाईंना त्याचं काही सांगायला जावं तर म्हणतात, "बरं झालं बाई, त्यांनी लै कष्ट घेतले." एकरात कष्ट कुणी घेतले, हा विषय निघतच नाही.

तर तूर फुलोऱ्यातून शेंगेवर आली की जाऊबाई सकाळी जुनं लुगडं घेऊन निघतात. झाडाखाली पसरतात, झाड धरून गदागदा हलवतात. अळ्या टपाटपा खाली पडतात. त्या मोजतात, तोंडातल्या तोंडात, आणि मग ठरवतात, आज फवारायचं की नाही. लुगडं तसंच गोळा करून कोंबड्यांपुढे झटकतात. फवारायचंच झालं तर कडुनिंब, निर्गुडी, सीताफळ, रुई, करंज असल्या पाल्याचा दशपर्णी अर्क पिंपात महिनाभर आंबवून ठेवलेला असतो. तो तयार झाला की नाही हे त्यांना कॅलेंडरवरून कळत नाही, वासावरून कळतं. फवारणी ऊन उतरल्यावर. अळी तेव्हा पाल्याखालून वर येते, असं त्यांचं म्हणणं.

एके दिवशी पाहणीला एक साहेब आले. "मावशी, कीड छान आटोक्यात आहे की! कुणी केलं हे?"

"मालकांनी, सायेब."

मालक त्या घटकेला फाट्यावरच्या हॉटेलात होते. त्यांना फोन करून बोलावलं, मधोमध उभं केलं आणि फोटो काढला. फोटोत जाऊबाईंचा कोपरापासून पुढचा हात आहे. हातात पंप आहे. संध्याकाळी मी विचारलं, "जाऊबाई, असं का सांगितलंत?" तर म्हणाल्या, "अगं, मला काय कळतंय त्यातलं? अळ्या दिसल्या, पाडल्या."

सूचना 2 : आसनव्यवस्थेबाबत. बैठकीत दाराजवळ, पाण्याच्या जारशेजारी बसावे, म्हणजे चहा आला की उठायला सोपे जाते. खुर्ची रिकामी असली तरी ती कुणाची तरी असणार असे गृहीत धरावे. (ती कुणाची नसते. बसून बघा, कुणी उठवत नाही. उठवलंच तर नाव आणि पद विचारून वहीत लिहून घ्या, पुढच्या वेळी स्वतः खुर्ची ओढून देतील.) 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, अर्धी सीट नव्हे, हेही येथे कळवण्यात येते.

सूचना 3 : हास्याबाबत. बरोबर आकडा सांगून झाल्यावर पदर तोंडाला लावून हसावे, म्हणजे आकडा चुकला असावा असे ऐकणाऱ्यास वाटेल.

सूचना 4 : प्रशिक्षणाबाबत. वर्षातून एकदा पुण्याहून प्रशिक्षक येतात. पडद्यावर 'इम्पोस्टर सिंड्रोम' अशी अक्षरं झळकतात. 1978 साली अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांचा अभ्यास करून लिहिलं होतं की, पदव्या आहेत, मान आहे, तरी या बायकांना वाटत राहतं, आपण लोकांना फसवतोय, एक दिवस पकडले जाऊ. अभ्यास चांगलाच आहे. पण त्यावर आमच्याकडे सांगितलेला उपाय असा : रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी सक्षम आहे' असं दहा वेळा म्हणा. शेजारच्या अंगणवाडीताई पुटपुटल्या, "आरशापुढं उभारायला येळ कुटं हाय? वेणीसुद्धा चालता चालता घालते."

माझी तक्रार वेगळीच आहे. हे प्रशिक्षण नेहमी बायकांनाच का? मागच्या महिन्यात दुसऱ्याच खात्यात असलेले साहेब बदलून येतात, दुसऱ्या दिवशी पहिल्या फाइलवर 'योग्य ती कार्यवाही करावी' असं लिहितात, आणि योग्य ती म्हणजे कोणती हे विचारायला फाइल परत माझ्याच टेबलावर येते. त्यांना कधी वाटत नाही पकडले जाऊ म्हणून. त्यांना बहुधा जन्मतःच लस टोचलेली असते.

सूचना 5 : प्रतिबंधित माहितीबाबत. पुढील माहिती महिलांच्या हाती पडू देऊ नये.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यात घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. तोवर यांतल्या कित्येकींनी इंजिनिअरशी एक वाक्य बोललेलं नव्हतं. त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या : माळवदावरचा मातीचा भार कमी करा, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा. पुढे 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि चार गोष्टी सांगायला इकडच्या बायका गुजरातेत गेल्या. भाषा येत नव्हती, भिंत येत होती.

तसेच, हिंगळजवाडीच्या कमल कुंभार. बांगड्या विकण्यापासून सुरुवात, पुढे कोंबड्या, शेळ्या, आणि आपल्याबरोबर आणखी बायकांना धंद्याला लावणं. 2021 चा नारीशक्ती पुरस्कार त्यांनी राष्ट्रपतींच्या हस्ते घेतला. ही बातमी असलेला कागद जाऊबाईंनी डब्यात पोळ्यांखाली घातलेला मी पाहिला आहे. तेलानं नाव पुसलं नव्हतं, म्हणून काढून ठेवला.

सूचना 6 : आवाजाबाबत. ग्रामसभेत आवाज निघू नये. येथे एक अडचण आहे. नवरात्रात याच बायका आराध्यांच्या मेळ्यात पहाटेपर्यंत देवीची गाणी म्हणतात, अख्ख्या आळीभर ऐकू जातं, एक कडवं चुकत नाही. जाऊबाई तर पुढं म्हणणाऱ्या, बाकीच्या त्यांच्या मागनं. मग ग्रामसभेत घसा कुठं जातो? मला विचाराल तर गाण्यात आधी कुणी 'तुला काय कळतंय' म्हणत नाही, एवढाच फरक. तेव्हा ज्यांना ही सूचना मोडायचीच आहे त्यांनी सभेच्या आदल्या दिवशी एकच मुद्दा कागदावर लिहावा, आकड्यापासून सुरुवात करावी, 'माफ करा, एक बोलू का' हे पूर्ण गाळावं आणि बोलून झालं की लगेच बसू नये. बसलं की विषय संपला असं धरतात.

सूचना 7 : उत्तर माहीत नसल्यास. 'बघून सांगते' म्हणावे. साहेब लोक याच दोन शब्दांवर निवृत्तीपर्यंत पोचतात. फरक इतकाच की आपण खरंच बघतो.

सूचना 8 : सरपंचबाईंचा फोन त्यांनीच उचलावा किंवा कसे, याबाबत स्वतंत्र परिपत्रक काढण्यात येईल. मसुदा सरपंचबाईंच्या यजमानांकडे प्रलंबित आहे.

प्रत माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव :
1) सर्व बचत गट.
2) पुण्याचे प्रशिक्षक, आरसा परत करण्यासह.
3) थोरले भावजी, द्वारा फाट्यावरचे हॉटेल. पुढच्या फोटोच्या वेळी एक पाऊल डावीकडे सरकण्याची विनंती.
4) थोरल्या जाऊबाई. पोच म्हणून सही घ्यावी. मालकांची सही चालणार नाही.
5) निवडनस्ती.