चेहऱ्याची चकाकी आणि तिचा बंदोबस्त : सिंगापूरहून सांगलीस पत्र

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांच्या चरणी सिंगापूरस्थ कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

चेहऱ्यावर फाउंडेशनचा लेप दिल्यावर तो जागच्या जागी बसावा व त्यावर येणारे तेल शोषले जावे, यासाठी सर्वांत शेवटी जी अतिशय बारीक पूड लावतात, तिला सेटिंग पावडर म्हणतात. हे तेल, ज्यास सीबम अशी संज्ञा आहे, त्वचेतील सूक्ष्म ग्रंथींतून पाझरते. कपाळ, नाक आणि हनुवटी येथे या ग्रंथी दाट असल्यामुळे चेहऱ्याचा तेवढाच पट्टा सकाळी दहाच्या सुमारास नुकत्याच तळलेल्या पुरीसारखा दिसू लागतो. तेलाचा गुळगुळीत थर आरशाप्रमाणे प्रकाश एकाच दिशेस परतवतो, तर पुडीचे कण तोच प्रकाश चहूकडे विखुरतात, म्हणजे पावडर चेहरा उजळत नसून केवळ सूक्ष्म प्रमाणात खडबडीत करीत असते; डब्यावरील गुळगुळीत युवतीकडे पाहून ही गोष्ट कोणाच्याही लक्षात येणार नाही. त्यातच सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर असल्याने आणि हवेतील सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहत असल्याने येथे घाम लवकर वाळत नाही. सांगलीत चेहरा मे महिन्यात तापतो, येथे तो बाराही महिने निथळतो.

पुडीतील मुख्य द्रव्य बहुधा शंखजिरे, म्हणजे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट, असते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् श्रेणीत ते १ या पहिल्याच पायरीवर असून नखानेही त्यावर ओरखडा उठतो, आणि बोटांना त्याची मऊ घसरण जाणवते. शंखजिऱ्याच्या साठ्यांलगत कधी कधी ॲस्बेस्टॉस आढळत असल्याने त्याची तपासणी आवश्यक ठरते, म्हणून काही उत्पादक मक्याच्या स्टार्चकडे किंवा तेल धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र सिलिकाकडे वळले आहेत.

सौ. आईंनी मागील पत्रात तांदळाची पिठी वापरण्याचा जो सल्ला दिला होता, तो अशास्त्रीय मुळीच नव्हे, कारण युरोपातही तांदळाची पूड दीर्घकाळ चेहऱ्यास लावली जात असे. तथापि तो अमलात आणताना सूनबाईंनी मोदकांसाठी आणलेलीच पिठी वापरली, आणि गिरणीत दळलेल्या पिठाचे कण प्रसाधनासाठी वस्त्रगाळ केलेल्या पुडीहून कितीतरी जाड असल्याने, अर्ध्या तासात नाकाच्या दोन्ही बाजूंस उकड तयार झाली. चि. नातीने तीत सारण कधी भरायचे, असे विचारले. या प्रश्नाची नोंद शास्त्रीय दृष्टीने अनावश्यक असली, तरी आजी-आजोबांसाठी येथे केली आहे.

स्वस्त म्हणजे काय, याचा निर्णय डब्यावरील किमतीने होत नाही, तर ग्रॅमच्या भावाने होतो, आणि येथे बाबांनी मंडईत शिकवलेली विद्या उपयोगी पडली. ५ ग्रॅमची ८ डॉलरची देखणी डबी आणि ३० ग्रॅमचा १५ डॉलरचा ओबडधोबड डबा यांत पहिली निम्म्या किमतीची भासते. भागाकार केल्यास पहिलीचा ग्रॅम १ डॉलर ६० सेंटला, तर दुसऱ्याचा ५० सेंटला पडतो. हा भागाकार दुकानातच मोठ्या आवाजात झाल्यामुळे सूनबाई काही काळ शाम्पूच्या रांगेत अनोळखी व्यक्तीप्रमाणे उभ्या होत्या. अर्थात मोकळी, म्हणजे लूज, पावडर पंख्याखाली उघडल्यास तिचा बराच भाग पलंगपोसावर बसतो, आणि तेवढे ग्रॅम हिशेबातून वजा करावे लागतात. दाबून बसवलेली, म्हणजे प्रेस्ड, पावडर सांडत नाही व पर्समध्ये मावते, परंतु वडी बांधण्यासाठी तिच्यात बहुधा थोडे तेलच घातलेले असते. तेल टिपण्याच्या वस्तूत तेल घालण्याची ही युक्ती ज्याला सुचली, तो पूर्वजन्मी सरकारी खात्यात असावा.

आता गणपतीच्या दिवसांत काढून पाठवलेल्या छायाचित्रात सूनबाईंचा चेहरा भस्म फासल्यासारखा का दिसतो, या सौ. आईंच्या पृच्छेविषयी. डब्यावर ट्रान्सलुसंट हा शब्द होता, त्याचा अर्थ पारदर्शक असा घेतला गेला, वस्तुतः तो अर्धपारदर्शक असा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने घात केला. सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइड यांचे पांढरे कण साध्या उजेडात नजरेत भरत नाहीत, मात्र कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून पडताच तो प्रकाश थेट कॅमेऱ्याकडे परततो. या दोषास फ्लॅशबॅक म्हणतात आणि गव्हाळ वर्णावर तो अधिक उठून दिसतो. शिवाय त्या दिवशी बेकिंग झाले होते. बेकिंग म्हणजे पावडरीचा जाड थर पाच-दहा मिनिटे चेहऱ्यावर तसाच ठेवून मग झटकणे, आणि भट्टीशी त्याचा संबंध नाही. झटकण्याच्या वेळी आरती सुरू झाल्याने ती क्रिया राहून गेली, एवढेच. तेव्हा सूनबाईंना पंडुरोग झालेला नाही, काढा पाठवू नये.

सध्या मुस्तफा सेंटर या भारतीय मालासाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानातून किंचित पिवळसर छटेची पावडर आणली असून, आधी टीपकागदाने तेल टिपून घ्यावे, मग पफ घासण्याऐवजी फक्त कपाळ, नाक व हनुवटीवर दाबावा, हा क्रम ठरला आहे. या रीतीने डबा तिप्पट दिवस पुरेल असा अंदाज आहे. घरून आलेले खोबरेल केसांतून कपाळावर उतरते आणि चकाकीचा मोठा वाटा त्याचाच निघतो, हेही तपासाअंती आढळले. तरी पुढील पार्सलमध्ये दोन बाटल्या नेहमीप्रमाणे असाव्यात.

सोबत नवे छायाचित्र जोडले आहे, जे खिडकीच्या उजेडात, फ्लॅशविना काढले असून त्यात सूनबाई सूनबाईंसारख्याच दिसतात. मागच्या रांगेत डावीकडे जो लख्ख गोल दिसतो, तो दिवा नसून सौ. आईंच्या चिरंजीवांचे कपाळ आहे. त्या क्षेत्राचा विस्तार दरवर्षी वाढत असल्याने तेथे किती ग्रॅम लागतील, याचा हिशेब अद्याप झालेला नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.