बदामीकरांच्या घरातलं

अहो वहिनी, जरा गडग्याजवळ या ना, मोठ्याने बोलण्यासारखं नाही. ऐकलंत का? मंगलेशाचं म्हणते मी, बदामीच्या चालुक्यांतला. आपल्या पुलकेशीचा काका हो! भाऊ कीर्तिवर्मा गेला, पोरं लहान, म्हणून ह्याने कारभार हातात घेतला. इथवर चांगलंच की. पण एकदा कलमांची राखण काकाकडे गेली की सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढतं, ते तुम्हाला-मला काय सांगायला हवं…

आणि आधी कसा होता म्हणाल तर अगदी भरत! भाऊ जिवंत असताना बदामीला डोंगर कोरून विष्णूचं केवढं लेणं केलंन, ते तीन नंबरचं. शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८. वर लेख खोदून ठेवलाय, की ह्याचं पुण्य माझ्या भावाला लागो, मला फक्त त्याच्या सेवेचं फळ मिळू दे. वाचून डोळ्यांत पाणी येईल. आणि तोच माणूस पुढे गादी स्वतःच्या मुलाला द्यायला निघाला. दगडात कोरलेलं होतं हो, तरी!

आपल्या बाजूलाही आला होता तो. रेवतीद्वीप घेतलंन, म्हणजे आपली वेंगुर्ल्याकडची रेडी, असंच सगळे धरतात. स्वामीराज म्हणून एकाला मारलंन. आता हा स्वामीराज कोण? तोही चालुक्यच! अठरा लढाया जिंकलेला, साधासुधा नव्हे. कुडाळजवळ नेरूरला ताम्रपट सापडला ना, त्यात मंगलेशाने स्वतःच हे मिरवलंय. घरच्या माणसाला मारलं आणि वर तांब्यावर लिहिलंन. मला तर बाई अंगावर काटाच आला.

तर काय सांगत होते… हां, पुतण्या. एरेय म्हणायचे त्याला, पुलकेशी नंतरचं. काकाच्या पोटात काय आहे ते ह्याने ओळखलंन आणि घर सोडलंन. बाहेर राहून माणसं जमवलीन आणि ६१०च्या सुमाराला आला की चालून! ऐहोळ्याच्या मेगुटी देवळावर रविकीर्तीने लिहिलंय ना, ६३४ सालचं… काय मासलेवाईक माणूस! म्हणतो, मंगलेशाच्या तीन गोष्टींवर एकदमच पाणी पडलं: मुलाला गादी देण्याचा खटाटोप, राज्य आणि जीव. एवढ्यात आटपलंन. आणि स्वतःची बरोबरी मात्र थेट कालिदास-भारवीशी! मॉडेस्टी वगैरे काही नाहीच.

आपल्यातच असं चालतं असं समजू नका हं. त्याच सुमाराला तिकडे फ्रान्सात फ्रँकांच्या घरी काय झालं? फ्रेडेगुंड आणि ब्रुनहिल्ड, जावा-जावा, जन्माचं वैर. फ्रेडेगुंड मेली, पण तिच्या पोराने, दुसऱ्या क्लोथारने, ६१३ साली म्हाताऱ्या चुलतीला घोड्याला बांधून फरफटवून मारलंन. त्यापुढे आपला पुलकेशी बराच म्हणायचा.

कर्तबगार होता, नाही म्हणत नाही मी. काकाला मारल्याबरोबर आप्पायिक आणि गोविंद चालून आले, तर एकाला पळवून लावलंन, दुसऱ्याला आपल्यात ओढलंन. मग कोकणातले मौर्य! त्यांच्या पुरीवर शेकडो जहाजं घातलीन. ती घारापुरी की राजपुरी, त्यावर पंडितांची अजून जुंपलेली आहे, असू दे. आणि उत्तरेचा तो हर्ष, एवढा हत्ती-घोडे घेऊन आलेला, नर्मदेवरूनच परत फिरला. काय तोंड झालं असेल त्याचं!

६४१च्या सुमाराला तो चिनी ह्युएन त्संग येऊन गेला. आपल्या लोकांचं म्हणतो, उपकार विसरत नाहीत आणि अपमान तर मुळीच नाही. खरंच आहे, खालच्या वाडीतली बांधाची केस बघा. पण पुढे काय लिहिलंन माहितीये? हरून आलेल्या सेनापतीला इथे दुसरी शिक्षा नसे, बायकांचे कपडे देत. घ्या! जसं काही हरणं बायकांच्याच नशिबी लिहिलंय.

आणि वर्षभरात, ६४२ला, पल्लवांच्या नरसिंहवर्म्याने बदामीच घेतली. पुलकेशी त्यातच गेला म्हणतात. तेरा वर्षं राजधानी परक्याच्या हातात. मुलगे असून काय उपयोग… शेवटी त्यांतल्याच विक्रमादित्याने ६५५ला सोडवलीन, एवढं खरं.

पण मला खरं सांगायचं होतं ते हे नव्हेच. ह्या विक्रमादित्याचा थोरला भाऊ चंद्रादित्य, त्याची बायको विजयभट्टारिका. म्हणजे पुलकेशीची सून! तिचे ताम्रपट कुठे मिळाले असतील? एक त्याच नेरूरला आणि दुसरा कोचऱ्याला, आपल्या वेंगुर्ल्यात. बदामी राहिली तिकडे घाटावर, आणि ही बाई इथे कोकणात जमिनी दान देत बसलेली! काही जण तर म्हणतात, संस्कृतात कविता करणारी विज्जिका ती हीच. आणि गंमत ऐका, नेरूरच्या पत्र्यावर साल कोणतं घातलंन? दिराचं नव्हे हो. नवऱ्याचंही नव्हे. स्वतःच्या राज्याचं पाचवं वर्ष!

दिराचं नाव आहे त्यात, मान दिलाय, वंशावळ सगळी नीट. वागायला कुठे कमी नाही पडली. पण वर्ष आपलं! आणि आमच्या घरी पुस्तकं वाचणारे एवढे, पुलकेशी-हर्ष तोंडपाठ, हिचं नाव काढलं तर म्हणे, कोण ही? मी म्हटलं, नेरूरला जाऊन विचारा.

तो पत्रा बदामीला वाचून दाखवला असेल ना कोणीतरी… विक्रमादित्य बसलेला, शेजारी त्याची राणी. ती काय म्हणाली असेल हो जाऊबाईंना?