तालुका कुठला?

डोंबिवलीत आमची हयात गेली, पण पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली नाही, आणि हे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगत असू. बँकेने साताऱ्याला बदली केली तेव्हा या अभिमानावर पहिला घाला घरमालकांनीच घातला. ते निवृत्त फौजदार निघाले. घर दाखवतानासुद्धा "सदर खोलीस पूर्वेस एक खिडकी असून ती सुस्थितीत आहे" अशा पंचनाम्याच्या भाषेत बोलायचे. भाडं ठरलं, अनामत ठरली, आणि मग ते म्हणाले, "भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी लागती. तुम्हाला वळखणारी दोन माणसं लिहा."

कालच सामान उतरवलेल्या माणसाला साताऱ्यात कोण ओळखणार? एक टेम्पोवाला आणि दुसरे खुद्द घरमालक. बायकोने राजवाड्याजवळच्या पेढेवाल्याचं नाव सुचवलं. आल्या आल्या त्याच्याकडून अर्धा किलो कंदी पेढे घेतले होते आणि "परत या" असं तो स्वतःहून म्हणाला होता. तेवढ्या परिचयावर माणूस जामीन राहील की नाही, याची मला शंका होती.

ठाण्यात अंमलदारांनी कागद घेतला, पण वाचला नाही. माझ्याकडे बघितलं.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"डोंबिवली."

"ते राहायचं झालं. गाव?"

"तसं मूळ गाव राजापूर तालुक्यात."

"तिकडं कोण असतं?"

"आता कोणी नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. गाव आहे पण गावात कोणी नाही, शेत नाही, भाऊबंदांशी बांधावरून एखादा दावासुद्धा नाही, असा माणूस सातारा जिल्ह्याच्या हिशेबात फरारीच. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं ओळखपत्र मी एकेक करून टेबलावर मांडलं. कागद काय, कुणाकडेही असतात, असा त्यांचा चेहरा. शेवटी बुडत्याला काडी म्हणून मी सांगितलं, की डोंबिवलीला आमच्या खालच्या मजल्यावर मुंबई पोलिसातले एक हवालदार राहतात, वडूजकडचे. अंमलदार खुर्चीत पुढे सरकले. आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"आवं, ते आमच्या मेव्हण्याचं साडू!"

पुढचं सगळं चहात झालं. मला ओळखणारं माणूस अखेर सापडलं होतं. ते साताऱ्यात नसून डोंबिवलीत होतं, हा तपशील कुणालाच खटकला नाही. पेढेवाला वाचला.

या भागात पोलीस किती आणि कुठेकुठे आहेत, हे नव्या माणसाला पहाटे फिरायला गेल्याशिवाय कळत नाही. अजून तांबडं फुटायचं असतं आणि अंधारातून पंचवीस-तीस पोरं छाती फुटेस्तोवर धावत अंगावर येतात. पहिल्या दिवशी मी गटाराच्या कडेला उभा राहून त्यांच्या मागून कोण येतंय याची वाट पाहिली. मागून कुणीच येत नव्हतं. ही भरतीची तयारी. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून पन्नास गुण, मग शंभराची लेखी परीक्षा. घरमालकांचा नातूही त्यातच होता. त्यांनी एकदा व्हरांड्यात बसून मला घराण्याचा इतिहास सांगितला. त्यांचे वडील बेचाळीसनंतर प्रतिसरकारात होते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या सरकारने इंग्रजांच्या पोलीस-कचेऱ्या बाजूला ठेवून गावोगाव स्वतःची न्यायमंडळं चालवली; सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, बराचसा मुलूख साताऱ्यातच होता.

"वडील पोलिसांच्या पुढं पळायचे," फौजदार म्हणाले, "मी चोरांच्या मागं पळालो, नातू भरतीसाठी पळतोय. आमच्यात पळणं काय थांबलं न्हाई."

आणि हे एका घरापुरतं नाही. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, पाठलागात त्यांना गोळी लागली. तेच 1977 ला मुख्यमंत्री झाले आणि सगळ्या पोलीस खात्याने त्यांना सॅल्यूट ठोकला. असल्या मुलखात पोलिसाला बिचकायचं की त्याच्याशी सोयरीक जोडायची, हे लोकांनी फार पूर्वीच ठरवून टाकलेलं आहे.

पुढे बदली सांगलीला झाली आणि आमच्याकडे परदेशी माणूस उतरला. भाचीबरोबर आलेला तिचा नवरा, जर्मन. त्याला मिरजेहून तंबोरा घ्यायचा होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे आम्हाला सांगलीत राहून माहीत नव्हतं, त्याला जर्मनीत माहीत होतं. परदेशी पाहुणा घरात उतरला की यजमानाला तेव्हा चोवीस तासांत सी फॉर्म भरावा लागे. तो मी ऑनलाइन भरला. त्यात पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार, सगळ्याला रकाने होते. जावई आहे, हे लिहायला कुठेच जागा नव्हती.

दोन दिवसांनी पोलिसांच्या गोपनीय शाखेचे हवालदार आले. साध्या वेशात, साध्या मोटारसायकलवर. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला ओरडला, "गोपनीयवालं आल्यात, घर दाखवा रं!" तीन पोरं त्यांना वाजतगाजत आमच्या दारात सोडून गेली.

हवालदारांनी वही उघडली, जावयाकडे नीट पाहिलं आणि अपेक्षित प्रश्न आला.

"गाव कुठलं?"

भाचीने भाषांतर केलं. "फ्रायबुर्गजवळ एक खेडं आहे."

"तालुका?"

जावई गंभीर झाला. जर्मन माणूस सरकारी प्रश्नाला अर्धवट उत्तर देत नाही. त्याने कागद मागून नकाशा काढला आणि त्या मुलखाला ब्राइसगाउ म्हणतात असं सांगितलं.

"ब्राइसगाव," हवालदारांनी लिहून घेतलं. "आमचं तासगाव. वडील काय करत्यात?"

"द्राक्षबाग आहे."

वही मिटली. "किती एकर?" हेक्टरचे एकर मी करून दिले. "खायची का वाइनची? छाटणी कधी घेत्यात? आणि डावणी येतो का तिकडं?"

डावणी म्हणजे काय हे भाचीला मराठीतही माहीत नव्हतं. हवालदारांनी मोबाइलवर स्वतःच्या बागेतल्या पानाचा फोटो दाखवला: वरून तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी. जावयाने फोटो मोठा करून पाहिला आणि जवळचं कुणी आजारी असल्यासारखा हळहळला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला होता आणि हवालदार ड्युटी संपवून रात्री फवारणी करत होते. काय मारता, असं जावयाने विचारलं. "बोर्डो. मोरचूद आणि चुना."

मग जावयाने जी हकिकत सांगितली ती हवालदारांनी हातातला चहा निवू देऊन ऐकली. बोर्डो हे फ्रान्समधल्या बोर्दो गावचं. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना माखायचे ते रोगासाठी नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. निळीहिरवी, विषारी दिसणारी द्राक्षं कोण तोडणार? 1882 साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की बाग डावणीने झोपली तरी रस्त्याकडेच्या तेवढ्या वेली हिरव्यागार आहेत.

"म्हंजे मूळचा हा बंदोबस्तच की!" हवालदार म्हणाले. खात्याचा शोध आपण रोज पंपाने मारतोय आणि कुणी सांगितलं नाही, याचं त्यांना नवल वाटत राहिलं.

तासाभराने ते उठले, जावयाला रविवारी बाग बघायला यायचं आवतण दिलं आणि मोटारसायकलला किक मारली. कोपऱ्यावरून परत वळले, कारण पासपोर्टची झेरॉक्स राहिली होती. ती देताना वहीत काय लिहिलंय ते मी वाचलं. चार ओळी होत्या: "सदर इसम जावई असून बागायतदार घराण्यातील आहे. चौकशीत आक्षेपार्ह काही आढळले नाही. त्यांच्याकडेही डावणी आहे. फवारणी चालू."