भडंगाचे मोदक

बेंगळुरू,
रविवार, २० जुलै २०२५

ती. आईस आणि ती. बाबांस,


आई, मोबाइल आपटता येत नाही हे तुझं जुनं दुःख. तरी काल रात्री तू तो ज्या तऱ्हेनं बंद केलास, त्यावरून आपला हॉलमधला काळा फोन असता तर त्याचं काय झालं असतं ते मला इथे बसून दिसलं. म्हणून आज फोन नाही, पत्र. पिंट्या मंगळवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सांगलीला येतोय, त्याच्या हाती देते. पत्रात मध्येच कुणी बोलत नाही, हा एक फायदा.

तुझे आरोप तीन. इथली महापालिका रस्त्यावरच्या कुत्र्यांना चिकन बिर्याणी घालते, हा पहिला. तिचं बघून आम्हीही बिघडलो, हा दुसरा. आणि गणपतीसाठी तू पाठवलेल्या साच्यात मी कोंबडीचे मोदक करून कुत्र्याला घातले, हा तिसरा.

पहिला आरोप माझ्यावर नाही, तरी उत्तर देते, कारण बाबांनी कात्रण कापून ठेवलं असणार. बिर्याणी नव्हे, चिकन-भात. तोही अजून वाढलेला नाही, नुसती निविदा निघाली आहे. पाच हजार भटकी कुत्री, वर्षाला २ कोटी ८८ लाख रुपये. एका कुत्र्याच्या पानात १५० ग्रॅम चिकन, १०० ग्रॅम भात, १०० ग्रॅम भाज्या आणि जरासं तेल. २०२३च्या मोजणीत शहरात २ लाख ७९ हजार भटकी कुत्री भरली होती, म्हणजे पावणेतीन लाखांनी पंगतीबाहेर उभं राहायचं. एका पानाचा खर्च बावीस रुपये आणि वर काही पैसे. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागेल.

थांब, कुकरची तिसरी झाली.

आले. दुसरा आरोप. आम्ही पालिकेचं बघून बिघडलेलो नाही, भडंगाच्या दातांमुळे बिघडलो. साडेचार महिन्यांचं पिल्लू. दुधाचे दात पडतायत, खालून नवे येतायत आणि हिरड्या शिवशिवतात. त्यानं आत्तापर्यंत जावईबापूंची एक चप्पल (एकच, दुसरी तशीच ठेवलीय, ती बघून ते रोज हळहळतात), चिनूचं भूगोलाचं पुस्तक आणि तू दिलेल्या पाटाचा एक कोपरा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, गार काहीतरी चघळायला द्या, हिरड्यांना बरं वाटतं. आधी फ्रीजरमधलं गाजर दिलं. ते त्यानं पलंगाखाली नेऊन पुरलं. फरशीत पुरता येत नाही हे त्याला कळायला दोन दिवस गेले. गाजर मला वासावरून सापडलं.

मग दुकानात गेले. आई, कुत्र्यांसाठीचं वेगळं फ्रीजर असतं इथे, वर दिवा लावलेलं, दागिन्यांच्या दुकानासारखं. त्यात आइस्क्रीमच्या कपाएवढी डबी. आत चिकन आणि भोपळ्याचे गोठवलेले सहा तुकडे. किंमत ३८० रुपये. मला वाटलं डझनाचा भाव असेल. एका डबीचा होता. म्हणजे तुकडा त्रेसष्ट रुपयांना पडला. पालिकेचं आख्खं पान बावीसला, आणि इथे एक खडा त्रेसष्टला! एका डबीच्या पैशात सांगलीत अर्धा किलो मटण येतं आणि खाटीक वर दोन हाडं फुकट घालतो. दुकानातली मुलगी मला म्हणाली, यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, मीठ नाही, मसाला नाही. म्हटलं, बाई गं, जे नाही त्याचेच पैसे घेताय का? तिला मराठी येत नाही, म्हणून वाचले.

बाबा, तुमचा विनोद आठवला. मी परदेशात आले असं आईनं म्हटलं की तुम्ही म्हणायचात, परदेश कसला, शहाजीराजांची जहागीर ती, व्यंकोजीराजांनी तीन लाखांना विकायला काढली म्हणून गेली हातची. खरंय. फक्त एवढंच सांगते की आता तीन लाखांत या फ्लॅटचा ॲडव्हान्सही भागला नाही. घरमालकानं दहा महिन्यांचं भाडं आधी मोजून घेतलं. आणि आईची व्याख्या माझ्याकडे अजून लागू आहे: जिथं भडंग मिळत नाही, तो परदेश. म्हणूनच तर कुत्र्याचं नाव ते ठेवलं. खालचा वॉचमन त्याला ‘बडंगा’ म्हणतो आणि रोज विचारतो, ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे जेवण झालं का. मला विचारतो की कुत्र्याला, हे अजून कळलेलं नाही. दोघंही शेपूट हलवतो.

तर घरीच करायचं ठरवलं. पाव किलो कोंबडी बिनहाडाची, दोन-तीन कलेज्या (जास्त नाही, अ जीवनसत्त्व फार होतं), गाजर, बीन्स, लाल भोपळा. सगळं शिजवायचं आणि जाडसर वाटायचं. शिजवलेलं हाड चुकूनही नको, त्याच्या चिरफळ्या होतात आणि घशात-पोटात लागतात. कच्चं गोठवून द्यायचं नाही, कारण गारठ्यात जंतू मरत नाहीत, झोपतात. वाटण त्याच्याच पाण्यात सैल करून लहान लहान गोठवायचं. दगडासारखा मोठा गोळा दिला तर नवा दातच तुटायचा. आणि हे सगळं दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. जेवण वेगळं, हा खाऊ. मीठ नाही. कांदा नाही. लसूण नाही.

इथेच तुझं पार्सल मध्ये येतं. डब्यावर तुझ्या अक्षरात ‘भडंगासाठी’ अशी चिठ्ठी, आणि आत काय, तर तासगावचे बेदाणे अर्धा किलो आणि कांदा-लसूण मसाला! आई, कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं जातात, मूठभरसुद्धा लागत नाहीत. आपल्या जिल्ह्यानं जगाला दिलेल्या दोन गोष्टी, आणि दोन्ही त्याला विष. मी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुमच्या आईला कुत्री आवडत नाहीत का? मी तुझी बाजू घेतली. मसाला मी ठेवलाय, बेदाणे चिनूनं संपवले.

आपला आधीचा कुत्रा मोत्या जन्मभर रस्सा-भाकरी खाऊन चौदा वर्षं जगला, हे तू म्हणणार. जगला. मोत्यानं तर बाबांचं बँकेचं पासबुकही खाल्लं होतं, म्हणून ते काही पथ्यात धरत नाहीत.

मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते. पाऊस नाही, नुसतं ढगाळ आहे. इथे जुलैमध्ये शाल लागते आणि मी बर्फ पाडत बसलेय.

आता तिसरा आरोप. साचा. कबूल. बर्फाच्या ट्रेमध्ये चिनूनं शाळेच्या प्रयोगासाठी निळी शाई गोठवली होती. ओट्यावर तुझं पार्सल उघडं. त्यात नवा कोरा ॲल्युमिनियमचा साचा. चिनू म्हणाला, आई, याच्यात करूया? मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर एक भरून झाला होता. भरायचा, रबरबँड लावायचा, डोक्यावर उभा करून फ्रीजरमध्ये ठेवायचा. दोन तासांनी कोमट पाण्यात बुडवला की अलगद सुटतो. एका साच्यात एकवीस व्हायला तीन दिवस लागले. एकवीसच का, ते चिनूला विचार, तुझा नातू आहे.

आणि काल व्हिडिओवर काय झालं ते मी विसरणार नाही. ताटलीतले मोदक बघून तू म्हणालीस, ‘अगं बाई, पाकळ्या काय सुरेख आल्यात! शेवटी जमलं तुला.’ आई, वीस वर्षांत माझ्या मोदकाला तू पहिल्यांदा बरं म्हणालीस. मी डोळे पुसणार इतक्यात तू विचारलंस, ‘सारण कसलं गं?’ आणि चिनूनं खरं सांगितलं.

पण तुझा खरा कळीचा मुद्दा श्रावण आहे, हे मला माहीत आहे. म्हणून तर एवढी घाई चाललीय. गुरुवारी अमावस्या, शुक्रवारपासून श्रावण. श्रावणात या घरात कोंबडी शिजणार नाही, हा शब्द. म्हणून महिन्याचा साठा आधीच करून, तारीख घालून, वेगळ्या डब्यात गोठवून ठेवतेय. आत्ता कुकरमध्ये तेच आहे. आम्ही पाळू, भडंग फ्रीजरमधून खाईल. गटारी यंदा आमच्या घरी कुत्र्याची.

आज सकाळी कोंबडी शिजायला लागली तेव्हा मात्र एक गंमत झाली. नुसती उकळत होती, ना मीठ ना हळद. तरी वास आल्या आल्या मला बाबा स्टीलचा डबा घेऊन बाजारातून येताना दिसले, रविवारचे, धोतराला शिंतोडे उडालेले. पुढचं काही येईना. भाजलेल्या खोबऱ्याचा वास नाही, तुझं ‘उठा आता, अकरा वाजले’ नाही. अर्धाच रविवार. मी तुझ्या मसाल्याचा डबा उघडून नुसता हुंगला आणि परत लावला. चिनू म्हणाला, आई, तू रडतेयस का? म्हटलं, मसाला झोंबला.

भडंगाच्या बरगड्या दिसतात म्हणून तू म्हणालीस, उपाशी ठेवता काय मुक्या जिवाला? (आधी चिकन का घालता, आणि पाच मिनिटांनी पोटभर का घालत नाही. एक काहीतरी ठरव.) अगं, ती जातच तशी. मुधोळची. घोरपड्यांच्या संस्थानातली. मालोजीराजांनी या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं, जोडी विलायतेला पंचम जॉर्ज बादशहाला भेट पाठवली. आता लष्करातही घेतात. बाबा, तुमच्या वहीत २००५ सालचं मुधोळ हाउंडचं तिकीट असेल, ते आईला दाखवा. पळणारं कुत्रं ते, पोट आत आणि बरगड्या बाहेर हेच त्याचं रूप. जमखंडीच्या पलीकडचं, म्हणजे आपल्याच बाजूचं. मी मराठीत ‘बस’ म्हटलं की बसतो. कानडीत सांगितलं तर वॉचमनकडे बघतो.

आता माझं दुखणं ऐक. असोसिएशनचं परिपत्रक आलंय. कुत्र्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्टनं जायचं. सर्व्हिस लिफ्ट सकाळी सहा ते आठ कचऱ्याच्या पिंपांसाठी राखीव. आम्ही नवव्या मजल्यावर. पिल्लाला सहा ते आठमध्येच जावं लागतं, ते काही परिपत्रक वाचत नाही. मी प्राणी कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेऊन दिली. त्यात स्पष्ट आहे की पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. सेक्रेटरींनी ती शांतपणे वाचली, चहा दिला, आणि सुधारित परिपत्रक काढलं: साधी लिफ्ट चालेल, परंतु कुत्र्याला कडेवर घ्यावे. सोबत अर्ज, लसीचा दाखला आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. कुत्र्याचे! स्टुडिओवाला म्हणाला, कान दिसायला हवेत. भडंगाचे कान दिसले, भडंग दिसला नाही, हलला होता. तेच जोडले, तेच मंजूर झाले.

पण कडेवर? हा पुरता वाढला की सत्तावीस-अठ्ठावीस इंच उंच, पंचवीस किलोंचा होईल. आत्ताच पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबतात. लिफ्टमध्ये काल एक बाई म्हणाल्या, किती लाडावलाय. आपल्या घरात या नियमात बसणारा माणूस एकच, बाबा. २०१९च्या पुरात गल्लीत छातीएवढं पाणी असताना तुम्ही मोत्याला खांद्यावर घालून बाहेर आणलंत आणि माझं बारावीचं सर्टिफिकेट माळ्यावरच राहिलं. तेव्हा मी आठवडाभर बोलले नव्हते. आता बोलते: बरोबर केलंत.

बाकी तुझ्या बातम्यांची उत्तरं. पिंट्यानं मुलगी बघितली हे मला त्याच्याकडून कळलं नाही, तुझ्याकडून कळलं, आणि तुला सुमामावशीकडून, म्हणजे मुलीला अजून कळलेलं नसणार. सुमामावशीला सांग, गुडघ्याला तेल चोळून भागणार नाही, एक्स-रे काढ. नानांनी पुन्हा कोंबडा आणला म्हणे. शेजारच्या काकू पहाटे चारला उठत असतील तर त्यांचं अभिनंदन कर, डॉक्टरांनी त्यांना लवकर उठायला सांगितलंच होतं. गच्चीवरच्या टाकीचं भांडण बाबांनी मिटवू नये. बाबांनी मिटवलेलं एक भांडण अजून कोर्टात आहे.

धरणातून पाणी सोडल्याचं वाचलं की मी आधी आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आकडा शोधते. बाबा, तुम्ही रोज पुलावर जाऊन बघता ते चालेल, पण मला मेसेज करा, नुसता आकडा. चाळीस फूट झाले की आईला घेऊन सरळ मावशीकडे जा. पंचेचाळीसची वाट बघू नका, आणि ‘अजून पायरीला लागलं नाही’ हे सांगू नका.

कुकर उतरला. वाटायला बसते. चतुर्थीला २७ ऑगस्टला आम्ही येतोय, भडंगासकट. तिकिटाचं जावईबापू बघतायत.

तुझी,
बबी

ता. क. पिंट्या परत येताना त्याच्याबरोबर साचे दोन पाठव. एकाला लाल दोरा बांध, तो बाप्पाचा. बेदाणे नकोत.